मदत हवी आहे: खाणीच्या गाळात तगणाऱ्या रानटी झाडांबद्दल

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात आमचं वायंगणाचं (पावसाळ्यानंतरच्या भाताचं) शेत आहे, वरच्या अंगाला लोखंडाच्या खाणीचा जुना डंप (टाकाऊ मातीचा ढीग). ही खाण २०१२ साली थांबली, तरी पावसाळ्यात डंपाची लाल माती उतरतेच. खालच्या कोपऱ्यात भात लावलं की पानांवर तांबूस ठिपके येतात, मग पान करपतं. तिथेच लव्हाळा आणि पाणकणीस मात्र मजेत!

लव्हाळा उपटून धुतला तर मुळांवर गंजासारखा थर, नखाने खरवडला तरी निघत नाही. वाचनातून एवढं कळलं की साचलेल्या पाण्यात जमिनीतला प्राणवायू संपतो आणि लोह विरघळतं. अशा जागची झाडं पानांकडून मुळांपर्यंत हवा पोचवतात, त्यामुळे लोह मुळाबाहेरच गंजून बसतं. भातही हेच करतं म्हणे, मग ते का हरतं? पालाश (पोटॅशियम) आणि स्फुरद (फॉस्फरस) कमी पडल्यामुळे का?

दुसरं, बांधाला वाळा लावायचा विचार आहे. त्याची मुळं खोल जातात आणि जड धातू बहुतेक मुळातच राहतात. पण हा लव्हाळा गुरांना घालावा का? लोहाबरोबर मॅंगनीजही असणार. माती, मुळं आणि पाला वेगवेगळे तपासून कुणी घेतलेत का? नमुना पाणी असताना काढायचा की सुकल्यावर?

कोरगुट लावा असं एकजण म्हणाला, पण ते खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) खाऱ्या पाण्याचं भात. लोहाला टिकेल का? कुणी लावून पाहिलं असेल तर जरूर सांगा.