हँडस्प्रिंगसाठी आधी कोणती ग्रिप: ट्रू की ट्विस्टेड?

धरमपेठ_पोल (धागाकर्ती):
पोल डान्समधल्या हँडस्प्रिंग आणि आयेशा या प्रकारांत शरीर पोलपासून दूर, उलटं तोलायचं असतं. खालचा हात ढकलतो, वरचा ओढतो. खालच्या हाताबद्दल फारसं भांडण नाही, वाद आहे तो वरच्या हाताचा. ट्रू ग्रिपमध्ये वरचा अंगठा छताकडे असतो. ट्विस्टेडमध्ये हात आतल्या बाजूने पिरगाळून अंगठा जमिनीकडे करायचा. आपल्याकडे बऱ्याच जणी ट्विस्टेडनेच सुरुवात करतात, कारण ती लवकर जमते. मला हे साफ चुकीचं वाटतं.

हात डोक्यावर नेताना दंडाचं हाड बाहेरच्या बाजूला फिरलं, तरच त्याचा उंचवटा खांद्याच्या छताखालून मोकळा सरकतो. ट्विस्टेडमध्ये हात वर असतो आणि हाड आत वळलेलं. मधल्या अरुंद जागेतून रोटेटर कफच्या, म्हणजे खांदा सांभाळणाऱ्या स्नायूंच्या, कंडरा जातात, त्या तिथे दाबल्या जाऊ शकतात, आणि त्याच वेळी त्या खांद्यावर शरीराचा भार लोंबकळतो. ज्या मुलीला अजून साधं इन्व्हर्ट, म्हणजे पाय वर घेऊन पोलवर उलटं होणं, झटका न देता येत नाही, तिला ही ग्रिप देऊच नये. आधी ट्रू ग्रिपने आयेशा दोन्ही बाजूंनी स्थिर धरता आली पाहिजे, ट्विस्टेड त्यानंतर.

प्रतापनगर_स्पिन:
ताई, मी शिकवते, म्हणून मला वेगळं दिसतं. ट्रू ग्रिपमध्ये शरीर कडी नसलेल्या दारासारखं पोलभोवती फिरतं, आणि ते रोखायला पाठ, पोट, खालचा हात सगळं एकदम लागतं. ट्विस्टेडमध्ये पिरगाळलेला हातच ते फिरणं अडवतो. मुलीला पहिल्यांदा कळतं की उलटं, पोलपासून लांब असणं म्हणजे काय. तो अनुभव मिळाला की ती टिकते. नाहीतर ताकद येईपर्यंत थांबा म्हटलं की अर्ध्या जणी क्लासच सोडतात.

आणि हात आत वळवून लटकणं काही पोलवाल्यांनी शोधलेलं नाही. जिम्नॅस्टिक्समध्ये बारवर एल-ग्रिप आहेच.

धरमपेठ_पोल:
आहे ना, पण एल-ग्रिप करणारे जिम्नॅस्ट लहानपणापासून खांद्याची लवचिकता आणि ताकद कमावून तिथे पोहोचतात. ऑफिसात दिवसभर कीबोर्डवर वाकून संध्याकाळी सातच्या बॅचला येणाऱ्या तिशीतल्या बाईचे खांदे आधीच पुढे आणि आत वळलेले असतात. तिच्यासाठी तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

महाल_मल्लखांब:
मी पोल करत नाही, पण खांबावर वाढलो आहे म्हणून बोलून राहिलो. तुम्ही दोघी तळहाताचंच पाहून राहिल्या. बाळंभट दादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांब पुन्हा उभा केला असं आपण मानतो, त्या परंपरेत भार घ्यायला तळहात पहिला नसतो. मांड्यांची अढी असते, बगली असते, म्हणजे खांब काखेत धरायचा. लाकडाला एरंडेल चोळलेलं असल्यामुळे नुसत्या मुठीने काही होतच नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी १९३६ साली बर्लिनला आपले खेळ दाखवून आली, ती याच शिस्तीत तयार झालेली. मग मनगट न् खांदा पणाला काहून लावता? आधी काख आणि कोपर वापरा.

धरमपेठ_पोल:
दादा, मुद्दा मोलाचा आहे, पण खांबात फरक आहे. मल्लखांबाचा खालचा घेर अर्ध्या मीटरच्या आसपास, आमचा पोल बहुतेक ४५ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे घेर जेमतेम १४ सेंटिमीटर. बगलेत तो धरता येतो, आम्ही धरतोही. पण आयेशात शरीर पोलपासून लांब न्यायचं असतं, तिथे काख उपयोगाची नाही. तुमच्या सल्ल्याला सगळ्यांत जवळची आमच्याकडे एल्बो ग्रिप आहे. वरच्या हाताच्या कोपराच्या खाचेत पोल अडकवायचा. शरीर पोलच्या जवळ राहतं, त्यामुळे हिसका कमी बसतो. कोपरात काळंनिळं होतं, ते सोसावं लागतं.

सदर_फिजिओ:
खांद्याबद्दल धागाकर्तीचं बरोबर आहे, पण ट्रू ग्रिपला निर्दोष ठरवू नका. तिथे खालच्या हातावर ढकलण्याचा ताण जास्त येतो. तर्जनी पोलवरून खाली सरळ रोखून मनगट मागे दुमडलं, की कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणं सुरू होतं. ज्यांचं कोपर सरळ रेषेच्या पुढे वाकतं त्यांनी ते कधीच कुलूप लावल्यासारखं ताठ करू नये, किंचित मोकळं ठेवावं.

ट्विस्टेडसाठी एक साधी तपासणी सांगते. पोलजवळ जायच्या आधी, उभं राहून, अंगठा जमिनीकडे ठेवून हात हळूहळू समोरून वर न्या. नुसता हात उचलताना खांद्याच्या पुढे किंवा वर चुणचुणलं, तर त्या हाताने ट्विस्टेड बंद. दुखलं नाही म्हणजे परवानगी मिळाली असं मात्र नाही, भार अजून आलेलाच नाही. रात्री त्या कुशीवर झोपताना दुखत असेल तर आधी दाखवून घ्या.

मे_मधली_बॅच:
सगळे शरीराचं बोलत आहेत, हवेचं कोणीच नाही. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि हॉलमध्ये कूलर. कूलर हवेत ओल सोडतो, क्रोमचा पोल दोन मिनिटांत निसरडा. दर फेरीला स्पिरिटने पुसायचा, हाताला लिक्विड चॉक लावायचा, तरी तळहात सरकतोच. ट्रू ग्रिपमध्ये सरकलं तर हात पुन्हा आवळता येतो किंवा सोडून उतरता येतं. ट्विस्टेडमध्ये पिरगाळलेला हात त्या क्षणी सोडवणं जड जातं आणि झटका थेट खांद्याला बसतो. आमच्या बॅचमध्ये एकीचा खांदा असाच धरला होता. म्हणून माझं मत, उन्हाळ्यात नव्या मुलींना फक्त एल्बो. डिसेंबरात उलटा त्रास, पोल गार आणि कातडी कोरडी. तेव्हा क्लासच्या दिवशी लोशन टाळायचं आणि पोल हाताने घासून गरम करायचा, मग ट्रू ग्रिप बसते.

प्रतापनगर_स्पिन:
कूलरचं पटलं. उन्हाळ्यात मी ट्विस्टेड मागे ठेवीन. पण बंदी मला मान्य नाही. माझ्याकडे एक ताई आहेत, मनगटाचं जुनं दुखणं, ट्रू ग्रिपमध्ये खालचा हात तीन श्वाससुद्धा टिकत नाही. ट्विस्टेडमध्ये वरचा हात जास्त भार घेतो आणि त्यांचं मनगट सुटतं. खांदे उत्तम आहेत, फिजिओताईंनी सांगितलेली तपासणी त्यांनी विनातक्रार पार केली असती. त्यांना मी ‘आधी ट्रू’ म्हणून परत पाठवू का?

धरमपेठ_पोल:
त्यांना नाही. पण त्या अपवाद आहेत, आणि तुम्ही अपवादासाठी केलेली सोय सगळ्या बॅचची सुरुवात करून ठेवली आहे. एक विचारते: तुमच्याकडच्या किती जणी दुबळ्या बाजूनेही ट्विस्टेड करतात? एकाच खांद्यावर रोज तोच पिळा बसत असेल तर नुकसानही त्याच एका खांद्याचं.

प्रतापनगर_स्पिन:
फार कमी. बहुतेक सगळ्या आपल्या आवडत्या बाजूनेच करतात, हे खरं आहे. पुढच्या आठवड्यापासून प्रत्येकीला दोन्ही बाजू लावते, आणि दुबळ्या बाजूला आधी एल्बो. ट्विस्टेड मात्र मी शिकवून राहिले, आणि शिकवणारच.