पातळ तळाचे बूट घालून धावावे का? गुडघा आणि पोटरीविषयी सल्ला हवा आहे

पहाटपाऊल (टिळकवाडी, बेळगाव)

नमस्कार. माझे वय ४१ असून गेली सहा वर्षे मी आठवड्यातून चार दिवस, एकूण २५ ते ३० किलोमीटर धावतो. इतर दिवशी व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतली मातीची वाट आणि रविवारी येळ्ळूरच्या रस्त्याने राजहंसगडाचा पायथा, असा माझा क्रम आहे. दिवाळीपासून उजव्या गुडघ्याच्या वाटीमागे दुखू लागले आहे. धावताना ते सहन होते, परंतु जिना उतरताना आणि बराच वेळ मांडी घालून बसल्यावर उठताना गुडघा चांगलाच कुरकुरतो.

माझ्या नेहमीच्या बुटांची टाच चवड्यापेक्षा १० मिलिमीटर उंच आहे आणि खाली जाड फोम आहे. अनवाणी धावल्यासारखा अनुभव देणारे बूट गुडघ्यावरचा भार कमी करतात, असे वाचनात आल्यामुळे मी तसा एक जोड मागवला. त्याची टाच आणि चवडा एकाच पातळीवर आहेत, तळ जेमतेम ५ मिलिमीटरचा आहे, बोटांना पसरायला जागा आहे आणि बूट हातात धरून सहज गुंडाळता येतो. पहिल्याच दिवशी तो घालून मी पाच किलोमीटर धावलो. मुळांच्या गाठी, सुकलेल्या शेंगा, बारीक खडे, सगळे तळव्याला कळत होते, आणि गुडघा त्या दिवशी एकदाही दुखला नाही. मला फार आनंद झाला. मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे अंथरुणातून उठल्यावर टाच जमिनीला टेकवता येईना. दोन्ही पोटऱ्या लाकडासारख्या कडक झाल्या होत्या आणि पुढचे तीन दिवस मी भिंतीला धरून जिना उतरत होतो.

आई म्हणते, "आम्ही जन्मभर अनवाणीच शिवार तुडवले, आम्हाला कुठे काय झाले?" तिचे म्हणणेही मला खोडून काढता येत नाही. पोटऱ्यांचे हे दुखणे सवय होईपर्यंत सोसायचे असते की हा थांबण्याचा इशारा आहे? जुने बूट आता कायमचे बाजूला ठेवावेत का? जाणकारांनी कृपया सांगावे.

तांबडीमाती (खानापूर)

दादा, सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांना मी बरीच वर्षे सकाळी मैदानावर धावण्याचा सराव देतो, त्यामुळे अनवाणी पाय रोज माझ्या डोळ्यांसमोर असतात. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने आपल्या भागातल्या गावोगावच्या मुलांचे लक्ष त्या १६०० मीटरच्या धावेकडे लागलेले असते. त्यांतली बरीच मुले बूट परवडत नाहीत म्हणून, आणि काही केवळ सवयीने, अनवाणीच धावतात. त्यांच्याकडे पाहून मला एक गोष्ट नीट समजली आहे. जो मुलगा लहानपणापासून बांधावरून, भाताच्या खाचरातून आणि शाळेच्या वाटेवर अनवाणी चालला आहे, त्याचा पाय आणि जो दहावीपर्यंत मोजे-बुटांत वाढला त्याचा पाय, हे दोन वेगळे पाय आहेत. पहिल्याची बोटे पंख्यासारखी पसरलेली असतात, तळव्याची कातडी जाड असते आणि पोटरी खाली घोट्यापर्यंत भरलेली असते. दुसऱ्याला मी पहिल्या महिन्यात बूट काढू देत नाही.

आपल्या आईंचे म्हणणे खरेच आहे, परंतु त्यांचे पाय त्या कामासाठी साठ वर्षे तयार होत होते. आपण ते पाच किलोमीटरमध्ये मागितले. शिवाय त्या चालत होत्या. चालताना एक पाय नेहमी जमिनीवर असतो. धावताना मात्र आपण प्रत्येक पावलाला हवेतून खाली येतो आणि शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिपटीने भार एका पायावर पडतो.

इथिओपियाचे धावपटू अबेबे बिकिला यांचे उदाहरण नेहमी दिले जाते. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये ते अनवाणी मॅरेथॉन धावले आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकले, हे खरे आहे. परंतु त्यांचा सरावही अनवाणी होत असे, ही गोष्ट सांगायची राहून जाते. आणि १९६४ साली टोकियोत त्यांनी पुन्हा सुवर्णपदक मिळवले, २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत, तेव्हा त्यांच्या पायांत बूट होते. म्हणून मुलांना मी सांगतो की बूट असणे किंवा नसणे ही नंतरची गोष्ट आहे, आधी आपले पाऊल कसे पडते ते पाहा.

आपल्या गुडघ्यासाठी मी नवे बूट सुचवणारच नाही. आहे त्याच बुटांत पाऊल आखूड करा आणि पावलांची गती थोडी वाढवा. अर्ध्या मिनिटात उजवे पाऊल किती वेळा पडते ते मोजून चाराने गुणा. मिनिटाला १६० पावले पडत असतील तर ती १६८ ते १७६ पर्यंत न्या, वेग मात्र तोच ठेवा. पाय शरीराच्या फार पुढे न पडता खालीच पडू लागतो आणि गुडघ्याला बसणारा झटका कमी होतो. पहिल्या आठवड्यात हे अवघड वाटते, नंतर अंगवळणी पडते.

निपाणीकरीण (निपाणी)

मी हाच उत्साह दोन वर्षांपूर्वी दाखवला होता, म्हणून लिहीत आहे. पोटऱ्यांचे दुखणे मी सोसले आणि ते खरोखरच दोन-तीन आठवड्यांत गेले. त्यानंतर मला वाटले की आता पाय तयार झाला, आणि मी जुने बूट भावाला देऊन टाकले. सहाव्या आठवड्यात उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला, दुसऱ्या बोटाच्या रेषेत थोडी सूज आली. एका बोटाने दाबत गेले तर दुखणारी जागा रुपयाच्या नाण्याहूनही लहान होती, पण तिथे बोट टेकले की डोळ्यांत पाणी येत असे. एक्स-रे काढला, त्यात काहीच दिसले नाही, आणि मुका मार असेल असे सांगून मला घरी पाठवण्यात आले. मी पुन्हा धावले. तीन आठवड्यांनी काढलेल्या दुसऱ्या एक्स-रेमध्ये हाडाला बारीक तडा गेलेला आणि त्याभोवती नवे हाड धरू लागलेले स्पष्ट दिसले. त्यानंतर माझे धावणे तीन महिने पूर्ण बंद होते. वर्गात उभे राहून शिकवणेसुद्धा कठीण झाले होते.

दादा, पोटरी दुखायची थांबली म्हणजे पाय तयार झाला, असे कृपया समजू नका. मला कोणी एवढेच वेळेवर सांगितले असते तर ते तीन महिने वाया गेले नसते. आणि जुने बूट कोणाला देऊ नका.

शहापूरकर (शहापूर, बेळगाव)

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ताईंनी जे सोसले त्याचे कारण असे की स्नायू काही आठवड्यांत जुळवून घेतात, परंतु टाचेमागची कंडरा (पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी जाड दोरी) आणि चवड्याची लांब हाडे यांना त्यासाठी अनेक महिने लागतात. हाडावर नवा भार पडला की शरीर प्रथम जुने हाड थोडे झिजवते आणि मग त्या जागी नवे, अधिक मजबूत हाड घालते. या मधल्या काळात ते हाड नेहमीपेक्षा नाजूक असते, आणि नेमक्या त्याच काळात पोटरी दुखायची थांबलेली असल्याने माणूस अंतर वाढवतो. अंगठ्याकडून मोजले तर चवड्याचे दुसरे आणि तिसरे हाड यात सर्वाधिक सापडतात. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात अनुभवी धावपटूंना १० आठवड्यांत अशा बुटांकडे वळवून एमआरआय काढले होते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नव्या बुटांच्या गटातील निम्म्याहून अधिक जणांच्या पायाच्या हाडांत भाराची सूज वाढलेली आढळली, आणि तीही वेदना फारशी जाणवत नसताना. त्यांना बेताबेताने अंतर वाढवण्याच्या सूचना होत्या, तरीही १० आठवडे अपुरे पडले.

बुटांच्या बाजूनेही सांगितले पाहिजे. हार्वर्डचे डॅनियल लीबरमन यांनी २०१० मध्ये दाखवले की अनवाणी धावण्याची सवय असलेले लोक बहुधा चवड्यावर किंवा सपाट पावलावर उतरतात आणि टाच आपटल्यावर जो तीव्र झटका बसतो तो त्यांना टळतो. परंतु २०१३ मध्ये उत्तर केनियातील दासनच लोकांचा अभ्यास झाला, तेव्हा कायम अनवाणी राहणारे हे लोकही लांब अंतराच्या संथ गतीने धावताना बहुतांशी टाचेवरच उतरत असल्याचे दिसले. म्हणजे बूट काढले की पाऊल आपोआप बदलते, असे नाही. आणि बदलले तरी भार नाहीसा होत नाही, तो गुडघ्याकडून पोटरी, कंडरा आणि चवड्याकडे सरकतो. पहिल्या दिवशी आपला गुडघा न दुखणे आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्या कडक होणे, या दोन्ही गोष्टी त्या एकाच कारणाने घडल्या.

लहानपणीच्या सवयीविषयी तांबडीमाती यांनी जे लिहिले त्याला आपल्याच राज्यातला आधार आहे. मणिपालच्या डॉक्टरांनी २३०० मुलांच्या पायांचे ठसे घेऊन १९९२ मध्ये निष्कर्ष मांडले. बूट-चपला वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के होते आणि अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. त्यातही बंद बूट घालणाऱ्यांत ते अधिक होते. त्यामुळे घरात मुलांनी अनवाणी खेळावे, असे मी पालकांना आवर्जून सांगतो. वयाच्या चाळिशीत मात्र वेळ द्यावा लागतो.

आपण पोटऱ्या पूर्ण मोकळ्या होईपर्यंत नवे बूट घालून धावू नका, फक्त चाला. बाजारात जाताना, घरात, फिरायला जाताना तीन-चार आठवडे तेच घाला. रोज पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा सावकाश वर उचला आणि सावकाश खाली न्या, आधी दोन्ही पायांवर आणि जमू लागल्यावर एका पायावर. त्यानंतर आठवड्यातून दोनदा, नेहमीच्या धावण्यातला शेवटचा अर्धा ते एक किलोमीटर या बुटांत धावा, बाकी सगळे जुन्या बुटांत. पूर्ण बदलाला सहा महिने ते वर्ष धरा, आणि बदल अर्धाच राहिला तरी काही बिघडत नाही. ताईंनी सांगितल्याप्रमाणे हाडावर एकाच ठिकाणी दुखले, किंवा सकाळी टाचेमागची कंडरा जाड आणि ताठ वाटली, तर त्याच दिवशी थांबा. मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झालेल्यांनी हे बूट घालून धावूच नये.

अथणीकर (अथणी)

एक लहानशी भर घालतो. आपल्याकडे पातळ, सपाट तळ नवा नाही. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या चामड्याच्या कोल्हापुरी चपला आमच्या अथणीत आणि निपाणीच्या परिसरातही बनतात, म्हणूनच २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्ह्याचेही नाव आहे. या चपलेने पायाला जमीन कळते, चालण्याची सवय लावण्यासाठी ती चांगली आहे. परंतु तिला मागे टाच धरणारा पट्टा नसतो आणि ओल्या फरशीवर ती घसरते, म्हणून ती घालून धावू नये.

पहाटपाऊल (टिळकवाडी, बेळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. गेले नऊ दिवस मी जुन्या बुटांतच धावत आहे. पावले मोजली तर १५८ भरली, आता १६८ च्या आसपास आणली आहेत. गुडघा पूर्ण थांबलेला नाही, परंतु जिना उतरताना पूर्वीइतका दुखत नाही. नवे बूट संध्याकाळी फिरायला जाताना घालतो. हा क्रम असाच चालला तर त्यांत धावायची वेळ ऐन मृगात येईल. पावसाळ्यात सुरुवात करावी की थांबावे?

तांबडीमाती (खानापूर)

थांबा, दादा. आपल्याकडचा पाऊस एकदा धरला की वाटेवरच्या चिऱ्यावर आणि दगडांवर शेवाळ धरते, आणि ओल्या तांबड्या मातीत पातळ तळाला पकड राहत नाही. पाय घसरू नये म्हणून बोटे आवळून धावले की पोटरीवर दुप्पट ताण येतो. पावसाळाभर टाचा उचलण्याचा व्यायाम आणि चालणे चालू ठेवा. दसऱ्यानंतर जमीन घट्ट झाली की डेपोतल्या सपाट वाटेवर अर्ध्या किलोमीटरने सुरुवात करा. येळ्ळूरच्या बाजूला शिवारात मात्र ते बूट नेऊ नका. बाभळीचा सुकलेला काटा पाच मिलिमीटरच्या तळातून सरळ आत शिरतो. मी तो दोन मुलांच्या तळव्यांतून चिमट्याने काढला आहे.