लांब उडीच्या खड्ड्यावर ज्यांची पोट्टी उतरली, त्याच सरांच्या हातात झेंडे?

कपाशीवाला
तालुक्याच्या शालेय स्पर्धेतून कालच आलो, डोकं अजून गरम आहे म्हणून लिहून टाकतो. यवतमाळ जिल्हा, तालुक्याचं नाव घेत नाही. पुतणी १७ वर्षांखालच्या गटात लांब उडीला होती. मैदान म्हणजे आपली काळी माती, आदल्या दिवशी पाऊस, रन-अपवर बुटाला दोन-दोन किलो चिखल, ते जाऊ द्या, सगळ्याच पोरींना तेच होतं. माझी तक्रार वेगळी आहे. फळीपाशी लाल-पांढरा झेंडा घेऊन जे सर बसले होते त्यांच्याच शाळेची पोट्टी तेव्हा एक नंबरवर चालू होती. पुतणीची तिसरी उडी लांब पडली, बाजूच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या आणि सरांनी लाल उचलला. फाऊल, पायाचं बोट फळीच्या पुढं गेलं म्हणे. फळीच्या पुढं ठसा उमटायला प्लॅस्टिसिनची मऊ पट्टी नाही, ओली रेती नाही, नुसती फक्कीची रेघ, ती पण सकाळपासून तुडवून तुडवून अर्धी उडालेली. मी विचारायला गेलो तोवर एका पोट्ट्यानं फावडं घेऊन रेती सारखी करून टाकली. आता मोजता काय?
माझं म्हणणं एवढंच, ज्यांची शाळा त्या गटात उतरली त्यांनी त्या खड्ड्यावर झेंडा धरू नये. तालुक्याला अडकलं की जिल्हा, विभाग, राज्य सगळं तिथंच संपते.

शिट्टीमास्तर
भाऊ, राग समजतो, पण मी स्वतः पीटीचा शिक्षक आहे, १९ वर्षं झाली या खड्ड्यांवर उन्हात बसून. तालुक्यात जेवढे पीटीचे सर तेवढ्यांच्या शाळा उतरलेल्या असतात. मग झेंडा धरणार कोण, तहसीलदार? एका खड्ड्याला नीट चार माणसं लागतात, फळीवर एक, रेतीतली खूण बघायला एक, टेप वाचायला एक, लिहायला एक. आम्हाला मिळतात दोन सर आणि नववीची दोन पोरं. त्यात माईकवरून बोंब चालू, शंभर मीटरच्या हीटला पंच पाठवा. आणि खरं सांगू, स्वतःच्या पोरीला आपण जास्तच कडक असतो, लोक बघत असतात ना.

वऱ्हाडी_गडी
सर तुमी कडक असान, पन समदेच तुमच्यावानी असते काय? काऊन उगा भांडता, फळीच्या बाजूले एक मोबाईल ठेवा ना बाप्पा. स्लो मोशनमंदी दिसते बोट कुठं हाय ते. हरेक पोट्ट्याच्या खिशात हाय मोबाईल.

शिट्टीमास्तर
ठेवा, पण कुठं ठेवता ते महत्त्वाचं. कॅमेरा फळीच्या पुढच्या कडेच्या अगदी सरळ रेषेत आणि जमिनीलगत पाहिजे. एक हात जरी मागे-पुढे सरकला तर फाऊल नसलेली उडी फाऊल दिसते अन् फाऊल ती चांगली दिसते. पालक दोरीच्या बाहेरून तिरपा व्हिडिओ काढतात आणि तो घेऊन अंगावर येतात, अशानं दुपारपर्यंत गोळाफेक सुरूच होणार नाही.

निवांत_मोर्शी
मुळात बोट हवेत पुढं गेलं तर फाऊल कशाला? खाली उमटलंच नाही तर चालते ना. आमच्या वेळी प्लॅस्टिसिनवर ठसा नाही म्हणजे पांढरा झेंडा.

शिट्टीमास्तर
ते जुनं झालं. नोव्हेंबर २०२१ पासून नियम बदलला. फळीची पुढची कड धरून वर एक उभी भिंत समजा, उडताना पाय फळीवर असेपर्यंत बुटाचं टोक त्या भिंतीच्या पुढं गेलं की फाऊल, खाली ठसा उमटो न उमटो. तालुक्याला अर्ध्या सरांना हे माहीत नाही, हे मात्र मी कबूल करतो.

कपाशीवाला
म्हणजे आता सगळं डोळ्यावरच. फक्कीची रेघ अर्धी गायब, ठशाची गरज नाही, आणि डोळा कोणाचा तर ज्यांची पोट्टी पुढं आहे त्यांचा. सर, तुम्ही माझीच बाजू मजबूत केली.

वर्धेची_ताई
मी शाळेत असताना लांब उडी मारायची, एक गोष्ट सांगते. दोन वेण्या, लाल रिबिनी, तेव्हाचा नियमच होता शाळेचा. जिल्ह्याला माझी सगळ्यात चांगली उडी पडली, पण मी मागं कलले आणि वेणी रेतीला लागली. टाचांचे दोन खड्डे खोल, आणि त्यांच्या मागे वीतभर अंतरावर रिबिनीची बारीक ओळ, कोणी बघितली पण नसती. सरांनी टेपची शून्याची बाजू त्या ओळीवर लावली. मी रडले, आईनं घरी सरांना नाही नाही ते बोलून घेतलं. नंतर कळलं नियम बरोबर होता, अंगाची किंवा अंगावरच्या कोणत्याही गोष्टीची फळीला सगळ्यात जवळची खूण धरतात. आणि ते सर आमच्याच शाळेचे होते हो. दुसऱ्या शाळेच्या सरांनी कदाचित एवढं वाकून बघितलंही नसतं.

कपाशीवाला
ताई, तुमचे सर भले माणूस निघाले. माझ्या पुतणीच्या नशिबात भला माणूस आला की नाही हे मला कसं कळणार? रेती तर सारखी झाली.

भाला_आणि_भाकर
मला वाटते तुम्ही सगळे झेंड्यावर भांडता, खरा घोळ फावड्याचा आहे. २०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्समध्ये नीरज चोप्राचा पहिलाच फेक मोजला गेला नाही, भाला पडल्याची खूणच पंचांना सापडली नाही, त्याला परत फेकावं लागलं. एवढी मशिनरी असून! आणि त्याच स्पर्धेत आपल्याच दुसऱ्या भालाफेकपटूच्या, किशोर जेनाच्या, दुसऱ्या फेकीला लाल झेंडा दाखवला होता, त्यांनी तिथल्या तिथं हरकत घेतली आणि ती फेक चांगली धरली. शेवटी नीरज ८८.८८ सोनं, जेना ८७.५४ चांदी. नियमच आहे, खेळाडूनं लगेच तोंडी हरकत घेतली तर रेफरी ती उडी मोजून ठेवायला सांगू शकतो, निकाल नंतर. म्हणजे पोरींना शाळेतच शिकवा, लाल झेंडा पडला आणि पटलं नाही तर खड्ड्यापाशी उभं राहायचं, रेतीला हात लावू द्यायचा नाही, हरकत आहे म्हणून सांगायचं. काका धावत येईपर्यंत वेळ गेलेला असतो.

वऱ्हाडी_गडी
आमच्या गावची पोट्टी अन् सरासमोर हरकत? सर दिवाळीपावतर पीटीच्या तासाले मैदानात पाय ठेवू देनार नाही तिले.

निवांत_मोर्शी
त्यापेक्षा फळीच काढून टाका. या खेळांची जागतिक संघटना वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सनं २०२४ मध्ये टेक-ऑफ झोनची कल्पना आणली होती, पाय जिथून उचलला तिथून मोजायचं. २०२३ च्या बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत जवळपास एक तृतीयांश उड्या फाऊल गेल्या होत्या म्हणून.

शिट्टीमास्तर
लांब उडीत ऑलिम्पिक सोनं जिंकलेल्या कार्ल लुईसनंच त्याची खिल्ली उडवली होती, अन् नेमका पाय कुठून उचलला ते सांगायला कॅमेरा लागतो. आमच्याकडं टेप कापडाची आहे, ओढली की ताणते.
पण फावड्याचा मुद्दा पटला. आमच्या इथं यंदा एवढं करतो, लाल असो की पांढरा, आधी खूण बघायची, सेंटीमीटर लिहायचे, मगच रेती ओढायची. फळीपुढं ओल्या रेतीचा पट्टा पण लावू, नव्या नियमात ठशावर निकाल नाही हे खरं, तरी पोरीला दाखवायला काहीतरी राहते. सर बदलायचं मात्र माझ्या हातात नाही, माणसंच नाहीत. कपाशीवाले भाऊ, एवढं पोटतिडकीनं लिहिलं तर पुढच्या आठवड्यात आमच्याकडं या, टेपचं दुसरं टोक धरायला माणूस पाहिजेच आहे.

कपाशीवाला
येतो. फवारणी दोन दिवस पुढं ढकलतो. पण कोणत्या गटाला उभं करता ते आधी सांगा, आमच्या गावची पोरं असलेल्या गटात मी टेप धरणार नाही.