विषय: भाचीला दगडांत पीएचडी करायची आहे

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीच्या मेलांमध्ये हा मधेच घुसवतेय, माफ करा. माझी भाची मुलुंडला असते, भूशास्त्राच्या बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला अमेरिकेत पृथ्वी आणि ग्रहविज्ञानात पुढे शिकायचंय. एका एजंटाने दोन वर्षांच्या मास्टर्सचा खर्च काढून दिला, तेव्हापासून दादा फ्लॅट गहाण टाकायच्या गोष्टी करतोय. वहिनीचं वेगळंच: "दगडच फोडायचे तर खडीच्या खाणीवर जा म्हणावं." आपल्यात कुणी या वाटेने गेलंय का?

– हळदीकुंकू समितीतली मावशी

---

ताई,

मी गेलोय, आणि सध्या सुट्टीवर अंधेरीत आईकडेच आहे. आधी त्या एजंटाला नारळ द्या. तिकडे या विषयाच्या पीएचडीला सहसा फी माफ असते, वर खर्चापुरते पैसे मिळतात. बदल्यात कॉलेजच्या पोरांची प्रॅक्टिकल्स घ्यायची नाहीतर गाइडच्या प्रकल्पावर राबायचं. पदरचे पैसे जातात ते बहुतेक मास्टर्सला, म्हणून तर एजंट तेच विकतो.

बी.एस्सी.नंतर थेट पीएचडीला घेतात, पण आपली तीन वर्षांची पदवी काही ठिकाणी अडते. त्यापेक्षा तिने फेब्रुवारीतली जॅम, म्हणजे एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा, द्यावी. पवईच्या आयआयटीत अप्लाइड जिऑलॉजीची एम.एस्सी. आहे. मुलुंडहून पवई किती लांब! तिथला प्रबंध हातात असला की बाहेरचा अर्जही वजनदार होतो.

अर्ज डिसेंबर-जानेवारीत जातात, प्राध्यापकांना मेल मात्र सप्टेंबरपासून टाकायला लागावं. जीआरई ही तिकडची प्रवेश परीक्षा बऱ्याच विभागांनी काढून टाकलीय. विद्यापीठाच्या नावाला भुलू नका, तिथे या कामाची दोन-तीन माणसं आहेत का ते बघा. माझा पहिला गाइड दुसऱ्या वर्षी विद्यापीठ बदलून गेला आणि मी सहा महिने पोरका होतो.

खरी गोम एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या 'मला हे का शिकायचंय' या निबंधात असते. "लहानपणी गच्चीवरून तारे बघताना" असं सुरू केलं की वाचणारा जांभई देतो. तिच्या पायाखाली काय आहे ते तिने लिहावं. दाखला देतो: २०१९ मध्ये 'सायन्स' या संशोधन-पत्रिकेच्या एकाच अंकात प्रिन्स्टन आणि बर्कली या दोन अमेरिकी विद्यापीठांचे शोधनिबंध आले. प्रश्न एकच: दख्खनचा लाव्हा मुख्यतः कधी ओतला गेला, मेक्सिकोत डायनोसॉरच्या काळातला तो मोठा अशनी आदळण्याच्या आधी की नंतर? घाटातून जाताना काळ्या कातळाच्या थरांमध्ये विटेसारखी लाल पट्टी दिसते ना, तशा पट्ट्यांतून प्रिन्स्टनवाल्यांनी झिरकॉन या खनिजाचे बारीक कण वेचले आणि त्यांतल्या युरेनियमचं शिसं किती झालं त्यावरून वय काढलं. बर्कलीवाल्यांनी खुद्द कातळावर आर्गॉन वायू मोजून वय काढायची पद्धत लावली. त्यांच्या हिशोबात बहुतेक लाव्हा आदळण्यानंतरचा. प्रिन्स्टनचं म्हणणं, एक मोठा लोंढा थोडा आधीच येऊन गेला. त्या थरांची नावं काय, तर नेरळ, ठाकूरवाडी, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी! गोऱ्या पोरांच्या तोंडून "अँबेनॅली" ऐकलं की मला अजून हसू फुटतं.

ग्रहांचं म्हणाल तर चंद्रावरचे काळे डागही बेसाल्टच, म्हणजे आपल्या घाटातल्यासारखा लाव्हाचा काळा कातळ, आणि लोणारचं विवर त्याच जातीच्या खडकात पडलंय. म्हणून तर मंगळ-चंद्रवाले तिथे येतात.

काल संध्याकाळी इथल्या, अंधेरीतल्या गिल्बर्ट हिलच्या पायऱ्या चढलो. वर देवीचं देऊळ, चहूबाजूंनी इमारती, आणि मधे पेन्सिलींची जुडी उभी करावी तसे कातळाचे खांब. लाव्हा थंड होताना आकसतो आणि असा उभा तडकतो. ६ कोटी ६० लाख वर्षांचा दगड आणि त्याच्या पायथ्याशी रिक्षांची रांग!

– गिल्बर्ट हिलखालचा

---

सगळं छान, पण पुढे पोटापाण्याचं काय?

– माजी खजिनदार

---

काका, भूजल, खाणी, तेल, बोगद्यांची भू-तपासणी, सगळीकडे माणसं लागतात. प्राध्यापकी मात्र मिळेलच असं नाही, ते तिला आत्ताच सांगून ठेवा.

– गिल्बर्ट हिलखालचा

---

मंडळी, मेल भाचीला वाचायला दिला. जॅमचा फॉर्म भरतेय, दादाने फ्लॅटचे कागद परत कपाटात ठेवले. पण गिल्बर्ट हिलखालच्या दादासाठी तिचा निरोप आहे, जसाच्या तसा: "६ कोटी ६० लाख हे घाटातल्या लाव्हाचं वय झालं. गिल्बर्ट हिलचं आर्गॉनने काढलेलं वय साधारण ६ कोटी ते ६ कोटी १० लाख आहे. मुंबईतले खडक घाटापेक्षा तरुण आहेत."

– मावशी

---

ताई, कान पकडले. शनिवारी सकाळी तिला अंधेरीला पाठवा, आणि सोबत वहीसुद्धा. एसओपीचा पहिला परिच्छेद डोंगरावर बसूनच लिहू.