गोळ्या, प्राणायाम की नामस्मरण? जीव घाबरा होतो, सुरुवात कुठून करू?

सुईदोरा (९ फेब्रुवारी, रात्री ११.४०)

नमस्कार. मी मिरजेची, वय ४३. घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. चार वर्षं इथे नुसती वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबलं तर सांभाळून घ्या.

गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतर चौथ्या दिवशी आमच्या ह्यांच्या छातीत कळ आली. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसवला. आता ते ठणठणीत आहेत. रोज चार किलोमीटर चालतात आणि माझी पाठ वळली की भेळ खातात. बिघडलंय ते माझं.

रात्री त्यांच्या छातीवर हात ठेवून श्वास चालू आहे ना ते बघते. चार-चार, पाच-पाच वेळा. परवा ते अर्धवट झोपेत म्हणाले, "अगं, आहे मी अजून." हसू यायला हवं होतं, मला रडू आलं.

डिसेंबरात लक्ष्मी मार्केटमध्ये मेथी घेत होते, तेव्हा पहिल्यांदा झालं. छातीत धडधड, ओठ बधिर, बोटांना मुंग्या, घशात काहीतरी अडकल्यासारखं. वाटलं, आता माझा नंबर. तशीच रिक्षाने दवाखान्यात गेले. ईसीजी, टूडी इको, थायरॉईड सगळं नॉर्मल. हिमोग्लोबिन तेवढं ९.२. डॉक्टर म्हणाले, हृदयाला काही झालेलं नाही, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून घ्या. दाखवलं. त्यांनी एस्सिटालोप्राम हे घबराटीवरचं औषध लिहून दिलं. चार दिवस घेतलं तर मळमळ सुरू झाली आणि धडधड उलट वाढली. पाचव्या दिवशी नणंद आली. म्हणाली, "डोक्याच्या गोळ्या एकदा लागल्या की सुटत नाहीत. तुझी श्रद्धा कमी पडते, नामात राहा." पाकीट मशीनच्या खणात टाकलं, बॉबिनच्या डबीखाली. अजून तिथेच आहे. शेजारच्या काकू त्यांची अल्प्राझोलामची अर्धी गोळी देतात कधीकधी. त्याने मात्र झोप छान लागते.

देवाचं करत नाही असं नाही हो. रोज अकरा वेळा स्तोत्र म्हणते. मध्ये लक्ष भलतीकडे गेलं की पुन्हा पहिल्यापासून. कधी कधी दीड तास जातो. पण नाही म्हटलं आणि ह्यांना काही झालं तर?

आता हे सगळं हातावर आलंय. गेल्या आठवड्यात एक बाई मुलीच्या लग्नासाठी स्वतःच्या पैठणीचा ब्लाऊजपीस देऊन गेल्या. काठ बाह्यांना घ्यायचा होता. हात थरथरत होता म्हणून एकदाचं उरकावं असं केलं, आणि दोन्ही बाह्या उजव्या हाताच्याच कापल्या. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तसा काठ बाजारात मिळायचा नाही. बाईंना अजून सांगितलेलं नाही, पीस कपाटात घडी घालून ठेवलाय. कपाट उघडायला नको वाटतं.

मावशी म्हणते प्राणायाम कर, पुण्यात शिकणारी लेक म्हणते गोळी घे, नणंद म्हणते नाम घे. सुरुवात कुठून करू? आणि गोळी खाऊन नाम घेतलं तर ते नाम खोटं ठरतं का?

---

गोदाकाठ (१० फेब्रुवारी, सकाळी ६.१५)

ताई, सरळ इगतपुरी गाठा. धम्मगिरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करा. १९७६ पासून चालू आहे, फी नाही. पहाटे चारला घंटा, मोबाईल जमा, कुणाशी बोलायचं नाही. मी तीन केली. माणूस आतून धुऊन निघतो.

---

येवलेकरीण (१० फेब्रुवारी, सकाळी १०.०५)

बाकीचं जाणकार सांगतील, मी बाह्यांपुरतं बोलते. पीस हातमागाचा आहे का? असेल तर कपाटातून काढा आणि काठ उलटून बघा. हातमागाच्या खऱ्या पैठणीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. एक बाही उलटी केली की झाली डावी! यंत्रमागाचा असेल आणि मागे धागे दिसत असतील तर मात्र बाईंशी बोलावंच लागेल.

---

सातारकर५२ (१० फेब्रुवारी, रात्री ९.२०)

येवलेकरीण, तुम्हाला दंडवत.

ताई, मी एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून आहे. २०१६ ते २०१८ हे सगळं माझ्याकडे मुक्कामाला होतं. माझं व्हायचं खंबाटकीच्या बोगद्यात. पुण्याला जाताना बोगदा जवळ आला की वाटायचं, घंटी मारून इथेच उतरावं. पुढेपुढे सातारा स्टँडवरच पोटात गोळा यायला लागला. शेवटी पुण्याला जाणंच सोडलं. सख्ख्या भाच्याच्या मुंजीला गेलो नाही, पोट बिघडल्याचं सांगितलं. बहीण अजून टोमणा मारते.

श्वासापासून सुरुवात करा म्हणेन, पण "मोठा श्वास घे" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. घाबरल्यावर आपण आधीच भराभर हवा ओढत असतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साईड उतरतो. ओठ बधिर होणं, बोटांना मुंग्या येणं, डोकं हलकं होणं यातलं बरंचसं त्यामुळेच. त्यात आणखी हवा ओढली की आगीत तेल. लक्ष सोडण्याकडे द्यायचं. चार मोजेपर्यंत आत, सहा-सात मोजेपर्यंत बाहेर, बशीतल्या चहावर फुंकर घालतो तसं. आणि घड्याळ बघायचं. अशा झटक्याचा जोर साधारण दहा मिनिटांत कळसाला जाऊन उतरणीला लागतो. माझा एक मी मोजला, साडेसात मिनिटं भरली. मला तो अर्ध्या तासाचा वाटायचा.

गोळीबद्दल. सुरुवातीचे आठ-दहा दिवस मळमळ आणि घालमेल अनेकांना होते. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. तुम्ही चार दिवसांतच सोडलीत, म्हणजे त्रास तेवढा पदरात पडला आणि गुण यायच्या आतच कारभार आटोपला. उद्या त्याच डॉक्टरांना फोन करा आणि "घाबरून बंद केली" असं खरं सांगा. मात्रा कमी करून पुन्हा चढवायची पद्धत असते, ती तेच ठरवतील. खणातलं पाकीट आपल्या मनाने उघडू नका. मी चौदा महिने घेतली आणि डॉक्टरांच्या सांगण्याने उतरवत उतरवत बंद केली. सुटते. फक्त एका दिवसात टाकायची नसते.

तिसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. रात्री छातीवर हात ठेवणं बंद करावं लागेल. हात ठेवला की दोन मिनिटं बरं वाटतं, म्हणून तर तासाभराने पुन्हा ठेवावासा वाटतो. मला समुपदेशक बाईंनी विचारलं होतं, "बोगद्याआधी उतरलात म्हणून तुम्ही वाचलात, हे तुम्हाला कसं कळलं?" मला उत्तर देता आलं नाही. मग त्यांनी पायऱ्या पाडून दिल्या. पहिल्या आठवड्यात एसटीने फक्त पाचवडपर्यंत जाऊन परत. मग भुईंज. मग सुरूर. बोगदा पाचव्या आठवड्यात ओलांडला, आणि पलीकडे खंडाळ्याला उतरून दोन वडापाव खाल्ले. तुमची पहिली पायरी लक्ष्मी मार्केटच्या बाहेर दहा मिनिटं नुसतं उभं राहण्याची असू शकते. मेथी नंतर.

अंगमेहनतीचं म्हणाल तर अजिंक्यताऱ्याचा चढ चढायचो. चढावर छाती धडधडते, घाम येतो, आणि होत काही नाही. त्या धडधडीची हळूहळू ओळख झाली. चहा मात्र सातावरून दोनावर आणावा लागला, त्याचं दुःख आजही आहे.

गोदाकाठ, शिबिर चांगलंच आहे, पण रोज जीव घाबरा होणाऱ्या माणसाला एकदम दहा दिवस मौनात बसवू नये असं मला वाटतं. तिथल्या अर्जातही आजार आणि औषधं विचारतात, ते उगाच नाही.

---

मेडिकलवाला_नांदेड (११ फेब्रुवारी, दुपारी ३.३०)

काकूंची अर्धी गोळी आजपासून बंद करा, किंवा निदान डॉक्टरांना ती घेत असल्याचं सांगा. अल्प्राझोलाम एच-१ यादीत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांत आहे. आम्हाला ते विकताना डॉक्टर आणि पेशंटचं नाव वहीत लिहावं लागतं, ती वही तीन वर्षं जपावी लागते. सवय लागते ती या जातीच्या गोळीची. गंमत अशी, की लोक काउंटरवर एस्सिटालोप्रामला घाबरतात आणि अल्प्राझोलाम शेंगदाण्यासारखं मागतात. बरेच दिवस रोज घेतली असेल तर तीही एकदम तोडायची नाही, विचारून.

९.२ हिमोग्लोबिनकडे कुणीच बघितलं नाही का? रक्त कमी असलं की जिना चढतानाही धडधडतं, आणि घाबरट मनाला तेवढं निमित्त पुरतं. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली तर चहाबरोबर नको, मध्ये एक-दोन तास जाऊ द्या. लिंबू सरबत चालेल.

रात्री-बेरात्री फारच झालं तर १४४१६ लावा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

---

चंद्रभागा (११ फेब्रुवारी, रात्री ८.१०)

लेकी, मी ६७ वर्षांची. आळंदीपासून पायी वारी अकरा वेळा केली. दिवेघाट चढून सासवडला मुक्काम पडतो ना, त्या रात्री आमच्या राहुटीत काय दिसतं सांगू? पिठलं-भाकरी झाली की बायका कमरेच्या पिशव्या सोडतात आणि गोळ्या काढतात. साखरेची, बीपीची, गुडघ्याची. आमचे विणेकरी थायरॉईडची घेतात. एक बार्शीकडची बाई मनाची गोळी घ्यायची, तीही सगळ्यांसमोर, त्याच तांब्यातल्या पाण्याने. त्यांना कुणी विचारत नाही, की विठोबावर भरवसा नाही का. तुझ्या नणंदेला कधी वारीला घेऊन ये.

पण तुझ्या अकरा वेळांबद्दल बोलते, राग मानू नको. चुकलं की पहिल्यापासून, नाही म्हटलं तर नवऱ्याला काहीतरी होईल, याला मी नाम म्हणणार नाही. हा हप्ता भरणं झालं. देव काय सावकार आहे? एकदाच म्हण. चुकलं तर चुकलेलंच पुढे ने. आम्ही हरिपाठ म्हणताना शंभर माणसांत दहा जणांचं कडवं चुकतं, टाळ काही थांबत नाहीत. आणि जमलं तर एकटी म्हणू नकोस, कुठे संध्याकाळी हरिपाठ होत असेल तिथे जाऊन बस. टाळी वाजवायला हात लागतात, तेवढा वेळ ते छाती तपासत नाहीत.

---

सातारकर५२ (११ फेब्रुवारी, रात्री ९.००)

आजी, तुमच्या बाजूने एक पुरावा. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या बर्नार्डी आणि मंडळींचा एक लेख आला होता. २३ जणांना एकदा ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि एकदा 'ॐ मणि पद्मे ॐ' हा मंत्र म्हणायला लावला. दोन्हींत श्वास मिनिटाला साधारण सहावर आला. फुंकर घालून मी जे करतो, तेच ते. प्रयोग छोटा आहे, पण कडवं म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो, हे कुणीही करून बघावं.

---

सुईदोरा (२० एप्रिल, दुपारी ४.२०)

उशिराने लिहिते, लग्नसराई चालू आहे.

आधी बाह्या. कपाट उघडलं, काठ उलटला. पीस हातमागाचाच होता. स्वतः बावीस वर्षं पैठण्या शिवते आणि हे मला सुचू नये! एक बाही उलटी केली, अस्तर लावलं, शिवून दिली. तरी बाईंना खरं सांगितलं. त्यांनी उजेडात धरून दोन्ही बाह्या बघितल्या आणि विचारलं, "यातली उलटी कुठली?"

डॉक्टरांना फोन केला. ओरडतील वाटलं होतं, ओरडले नाहीत. अर्ध्या गोळीने पुन्हा सुरू केलं. मळमळ नऊ-दहा दिवस होती. चौथ्या आठवड्यात एक दिवस लक्षात आलं, की सकाळपासून चार ब्लाऊज कापले आणि हाताकडे लक्षच गेलं नाही. समुपदेशनाला आतापर्यंत पाच वेळा जाऊन आले. काकूंची गोळी बंद.

मार्केटबाहेर पहिल्या दिवशी फुलवालीजवळ उभी राहिले. ती तीनदा "गजरा घ्या" म्हणाली, तिसऱ्यांदा घेतला. आत मेथीपर्यंत पोचायला तीन आठवडे लागले. मागच्या महिन्यात बँकेच्या रांगेत पुन्हा झटका आला. घड्याळ बघितलं, आठ मिनिटं. रांग सोडली नाही, पासबुक भरून आणलं.

रात्रीचं अजून पूर्ण जमलेलं नाही. पाचावरून एकावर आलंय, काल एकदा हात ठेवलाच. ते जागेच होते, हात तसाच धरून ठेवला.

स्तोत्र एकदाच म्हणते. पहिले काही दिवस फार भीती वाटली. गुरुवारी गल्लीतल्या बायकांबरोबर हरिपाठाला बसते. नणंदेला गोळीचं सांगितलं नाही. चंद्रभागा आजी, तुमच्याएवढं धैर्य नाही माझ्यात.

मेडिकलवाले दादा, हिमोग्लोबिन १०.८ झालं. पण लोहाच्या गोळीने पोट अजिबात साफ होत नाही. डॉक्टरांची पुढची तारीख दहा दिवसांनी आहे. तोवर खाण्यात काय बदलू? अंजीर चालतील का, आणि भिजवून की तसेच?