ब्लीडिंग करूनही ब्रेक पेडल मऊच, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गाडीचं ब्रेक ऑइल काळपट झालं होतं, म्हणून घरीच बदललं आणि ब्लीडिंग केलं, म्हणजे ब्रेकच्या पाइपांतली हवा काढली. डॉट ४ ग्रेडचं ऑइल वापरलं, डबा नवा, सीलबंद. बायको पेडल दाबायची, मी चाकाजवळचा निपल (ऑइल आणि हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) उघडायचो, आणि निपल बंद झाल्यावरच ती पाय उचलायची. सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डावीकडून.

घोळ तिसऱ्या चाकाला झाला. टाकीतलं ऑइल मिनिममच्या खाली गेलं आणि पाइपमध्ये बुडबुडे दिसले, म्हणजे हवा शिरली. लगेच टाकी भरून चारही चाकं पुन्हा केली. आता बुडबुडा एकही येत नाही, गळती कुठेच नाही, तरी पेडल स्पंजसारखं लागतं. दोन-तीनदा भराभर दाबलं की वर येऊन कडक होतं.

हवा एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये अडकली असेल का? ती काढायला स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून एबीएसचा पंप चालवावाच लागतो, की मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलतो तो) सुरुवात केली तर निघेल? मागे ड्रम ब्रेक आहेत. त्यांच्या लायनरची (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांची) ॲडजस्टमेंट ढिली असली तरी असंच होतं ना? आधी काय तपासू?

तोपर्यंत गाडी जागची हलवणार नाही. घरची माणसं बसतात तिच्यात.