मदत हवी आहे: सीएससीएस की एनआयएस? सोमवारपर्यंत ठरवायचंय

चारशे_मीटर_ठाणे
घोडबंदर रोडच्या जिममध्ये ४ वर्षं ट्रेनर आहे. आता मॅनेजर करतायत, पगार वाढेल, पण मग दिवसभर मेंबरशिपच विकायची. मला खेळाडूंचा स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग कोच व्हायचंय, म्हणजे त्यांची ताकद आणि दमखम वाढवणारा. कुठला कोर्स करू, सीएससीएस (अमेरिकेतल्या एनएससीए संस्थेची याच कामाची परीक्षा) की एनआयएस (पतियाळाच्या सरकारी क्रीडा संस्थेचा डिप्लोमा)? गूगल करून झालंय, तेच परत नको.

पांढरी_रेघ
पदवी कुठली? काय खेळायचात? सोडलं का?

चारशे_मीटर_ठाणे
पदवीचा काय संबंध? राज्य स्तरावर धावलोय. एकच हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) दोनदा गेली, सोडावं लागलं.

पांढरी_रेघ
संबंध आहे. सीएससीएसला पदवी लागते, सीपीआर-एईडीचं, म्हणजे हृदय बंद पडलं तर करायच्या प्रथमोपचाराचं, प्रमाणपत्र लागतं. परीक्षेचे दोन भाग, एक शास्त्राचा, एक प्रत्यक्ष कामाचा. सध्या कुठल्याही शाखेची पदवी चालते. २०३० पासून या विषयाच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाचीच लागेल, असं परीक्षा घेणाऱ्या संस्थेने जाहीर केलंय. एनआयएस पतियाळाचा कोचिंग डिप्लोमा खेळानुसार असतो, अॅथलेटिक्सचा वेगळा, कबड्डीचा वेगळा. तुम्हाला धावणं शिकवायचंय की ताकद वाढवायचीय, ते आधी ठरवा.

मैदान_हेच_घर
कागद काय कामाचा? मी २० वर्षं कबड्डीची पोरं घडवली, एक सर्टिफिकेट नाही. दादोजी कोंडदेव स्टेडियमला पहाटे जाऊन उभा राहा, काम मिळतं.

पांढरी_रेघ
काका, काम मिळेल, पगाराची नोकरी मिळायची नाही. आणि चुकीच्या वजनाने पोराची पाठ गेली तर जबाबदार कोण?

मैदान_हेच_घर
माझ्याकडे एकाचीही गेलेली नाही.

नेरुळकर७
सरकारी नोकरी बघा की. महाराष्ट्रात खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे.

चारशे_मीटर_ठाणे
मी ते विचारलंच नाहीये.

मैदान_हेच_घर
बरं, कोणाला शिकवलंयस का कधी? की नुसतंच व्हायचंय?

चारशे_मीटर_ठाणे
रोज सकाळी कळव्यात खो-खोच्या ९ मुलींना शिकवतो, फुकट. त्यातली एक उडी मारून उतरली की दोन्ही गुडघे आत वळायचे. अशाने लिगामेंट जातं. तिला पायरीवरून उतरायला लावलं, आवाज न करता, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून. ६ आठवड्यांनी सरळ उतरायला लागली. सगळ्यांकडून नॉर्डिक नावाचा व्यायाम करून घेतो. गुडघ्यावर बसायचं, टाचा मैत्रिणीने धरायच्या, अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. हॅमस्ट्रिंग ताणली जात असतानाच भार घेते, धावताना नेमकं तेच लागतं. मला हे कोणी वेळेवर शिकवलं नाही.

सौ_वर्तकनगर
माझ्या मिस्टरांना स्टेशनचा जिना चढताना गुडघा दुखतो. त्यांना हे चालेल का?

पांढरी_रेघ
ताई, आधी ऑर्थोला दाखवा.
चारशे मीटर, तुम्ही अजून पदवीचं सांगितलं नाही.

चारशे_मीटर_ठाणे
टीवाय बीकॉम. अकाउंट्सची एक केटी राहिलीय, म्हणजे तो विषय सुटायचाय. धावण्याची स्पर्धा होती त्या आठवड्यात पेपर होता.

पांढरी_रेघ
मग तोच अडसर आहे. केटी काढा, बीकॉमवर परीक्षेला बसता येईल. २०३० च्या आत उरका.

मैदान_हेच_घर
हे मात्र खरं. पेपर दे रे बाळा. आणि त्या मुली सोडू नकोस.

चारशे_मीटर_ठाणे
मॅनेजरचं नको म्हणून आत्ताच कळवलं. सोमवारी साडेसहाला मुलींचा सराव आहे, तो आटोपला की कॉलेजात जातो.